काकांचा होमरन आणि काकूंच्या ढांगा

मला बेसबॉल कळत नाही आणि कळून घ्यायची हौसही नाही. अमेरिकेत, नेपरव्हिलला इतकी वर्षं राहून मी स्टेडियममध्ये गेले ती ऑफिसने फुकट तिकिटं दिली तेव्हा, आणि तेव्हाही सगळा वेळ समोरचे लोक काय खातायत तेच बघत बसले. तरीही या खेळातल्या एका फटक्यावरून मी नवऱ्याशी आठवडाभर अबोला धरला आणि इथल्या मराठी मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपमधून तडक बाहेर पडले. लोक अजून विचारतात की एवढं चिडायला झालं काय. काय झालं ते सांगते.

आधी काका कोण ते सांगायला हवं. ते आमच्या नात्यातले नाहीत. ते अमरावतीचे, शिकागोजवळच्या पंप बनवणाऱ्या एका कंपनीत त्यांनी सगळी नोकरी केली, आणि आता आमच्यापासून दोन गल्ल्या सोडून एकटे राहतात. आम्ही या देशात आलो तेव्हा मी नवऱ्याच्या व्हिसावर आलेली, नोकरी करायची परवानगी नाही, बाहेर गुडघाभर बर्फ. दिवसभर खिडकीत बसून रडायचे. काकू रोज सकाळी त्यांची जुनी गाडी घेऊन यायच्या आणि मला बाहेर काढायच्या. गाडी चालवायला मला त्यांनीच शिकवलं, चर्चच्या रिकाम्या पार्किंग लॉटमध्ये, शेजारी बसून लसूण सोलत. "ब्रेक हळू दाब, लसूण सांडते," एवढीच सूचना. त्या बाईचं कुणी नाव काढलं तर मी गप्प बसत नाही, हे आमच्या ओळखीच्या सगळ्यांना माहीत आहे. काकू मागच्या हिवाळ्यात गेल्या.

आता होमरन. काका इकडे आले आणि पुढच्या वर्षी काकू आल्या. त्याच उन्हाळ्यात कंपनीची पिकनिक होती, नदीकाठच्या एका पार्कात. एका टोकाला बेसबॉलचं मैदान आणि पार दुसऱ्या टोकाला दगडी खांबांवरचं एक छप्पर. त्या छपराखाली बायका मक्याची कणसं सोलत बसलेल्या. काकूही त्यांच्यातच, हिरवी सुती साडी, आणि गवतात पाय ओले होऊ नयेत म्हणून साडीखाली काकांचे मोजे आणि बूट. मैदानावर एका टीमला माणूस कमी पडला म्हणून कुणीतरी काकांच्या हातात बॅट दिली. काका जन्मभर क्रिकेट खेळलेले. पहिले दोन चेंडू त्यांनी चक्क हुकवले आणि लोक हसले. तिसरा गुडघ्याच्या उंचीवर आला आणि काकांनी तो मिडविकेटवरून सिक्सर मारतात तसा उचलला. चेंडू सगळ्यांच्या डोक्यावरून गेला, गवताचा सगळा पट्टा ओलांडला आणि त्या छपराच्या खांबावर येऊन आदळला, काकूंपासून हातभर अंतरावर.

लगेच वाद सुरू झाला. बॉस म्हणाला पाचशे फूट. फोरमन म्हणाला साडेतीनशेच्या वर एक इंच असेल तर मी टोपी खाईन. अर्धी कंपनी बिअरचे कॅन हातात धरून भांडत होती आणि टेप कुणाकडेच नव्हती. काकूंना तेव्हा इंग्रजी जेमतेम यायचं, पण माणसं कशावरून भांडतायत ते कळायला भाषा लागत नाही. त्या उठल्या आणि खांबाला पाठ लावून ढांगा मोजत निघाल्या. अमरावतीला त्यांचे भाऊ मोकळ्या मैदानात पिच आखताना बावीस ढांगा मोजायचे, ते त्यांनी लहानपणापासून पाहिलेलं. सगळं मैदान ओलांडून त्या काकांजवळ आल्या आणि म्हणाल्या, "दीडशे." ढांग म्हणजे यार्ड, यार्डाचे तीन फूट, म्हणजे साडेचारशे. काकांनी तो आकडा इंग्रजीत सांगितला. नवी नवरी एवढ्या उन्हात चालून आली म्हटल्यावर फोरमनही गप्प बसला आणि बॉसने टाळ्या वाजवल्या.

त्या दिवसापर्यंत ऑफिसात काकांना नाव नव्हतं. म्हणजे होतं, पण ते उच्चारायची तसदी कुणी घेत नसे. "हे" नाहीतर "बडी" म्हणून हाक मारायचे. पिकनिकनंतर ते "फोर-फिफ्टी" झाले. नवा माणूस आला की बॉस खांद्यावर हात टाकून ओळख करून द्यायचा, हा बघ, याने साडेचारशे फूट मारलाय. निवृत्तीच्या दिवशी केकवरही तोच आकडा होता. काका ही गोष्ट सांगायचे तेव्हा शेवट नेहमी एकच असायचा: फटका माझा, पण आकडा हिचा. काकू मान खाली घालून हसायच्या आणि आत चहा ठेवायला जायच्या.

गोष्ट जुनी झाली तसा चेंडू थोडा जास्त वर जायला लागला, छपराखालचा एखादा माणूस जास्त घाबरायला लागला, हे मलाही माहीत आहे. चालायचंच. या देशात तर तो राष्ट्रीय धंदा आहे. माझ्या शेजारच्या डेस्कवर बसणारा सहकारी सोमवारी कॉफी घेऊन आला की जुन्या काळच्या होमरनांवर अर्धा तास बोलतो. कुणा खेळाडूचा चेंडू म्हणे स्टेडियमबाहेर जाऊन चालत्या मालगाडीत पडला आणि पुढच्या राज्यात पोचला. कुणाचा तीन रस्ते ओलांडून एका म्हातारीच्या अंगणात सापडला. तो खरंच किती लांब गेला यावर या लोकांची डोकी फुटायची वेळ येते. एक म्हणतो चेंडू पडला तिथपर्यंत मोजा, दुसरा म्हणतो गडगडत थांबला तिथपर्यंत, तिसरा म्हणतो मध्ये स्टँड आला नसता तर जिथे पडला असता तिथपर्यंत. आता स्टेडियममध्ये यंत्रं आहेत, चेंडू अजून हवेत असतो तेवढ्यात पडद्यावर आकडा झळकतो. जुन्या फटक्यांच्या नशिबी यंत्र नव्हतं, म्हणून ते दर वर्षी चार फूट वाढतात. मी एकदा त्या सहकाऱ्याला विचारलं, अहो, मालगाडीत पडला ते पाहिलं कोणी? तो म्हणाला, पाहायला कशाला हवं, सगळ्यांना माहीत आहे.

हे असं असताना मोजायला निघाले कोण, तर आमचेच लोक. माझा जीव तिथे जळतो. गोऱ्यांच्या गप्पा म्हणजे यांना इतिहास, आणि आमच्या काकांच्या गप्पा म्हणजे थापा.

या उन्हाळ्यात काकांचं सहस्रचंद्रदर्शन होतं. आमच्या सबडिव्हिजनच्या, म्हणजे वसाहतीच्या, क्लबहाऊसमध्ये कार्यक्रम ठेवला. औक्षण झालं, जेवणं झाली, जिलेबी सगळ्यांना पुरली. मग मंडळातली तीन तरुण मुलं उठली आणि म्हणाली, काकांसाठी एक सरप्राइज आहे. तिघंही पुण्या-मुंबईची, कसल्याशा डेटाच्या नोकऱ्या करणारी, वाईट मुलं नाहीत. त्यातल्या एकाने लॅपटॉप जोडला आणि पडद्यावर मोठ्या अक्षरांत आलं: "काकांचा होमरन: फॅक्ट ऑर फिक्शन?"

मला वाटलं कौतुक आहे. पुढच्या स्लाइडवर पार्कचा उपग्रहातून काढलेला फोटो आला, मैदानापासून छपरापर्यंत पिवळी रेघ आणि रेघेवर आकडा. तीनशे फुटांच्या जेमतेम वर. मुलगा म्हणाला, "आम्ही जाऊन पण आलो. टेप लावून कन्फर्म केलं. छप्पर तेच, खांब तेच." मग एक आलेख, चेंडूचा वेग, हवेचा विरोध, काय काय. शेवटच्या स्लाइडवर आलेखाचे दोन उभे पट्टे, एकावर "काकूंचा अंदाज" आणि दुसऱ्यावर "रिअ‍ॅलिटी". आणि हा पठ्ठ्या माइक हातात घेऊन म्हणतो, "सो बेसिकली, काकूंचं मॅथ थोडं इमोशनल होतं."

लोक हसले. काकूंना जाऊन वर्षसुद्धा झालं नव्हतं आणि त्यांच्याच नवऱ्याच्या सत्काराला पन्नास माणसं त्यांना हसली. काकाही हसले, पण इतरांच्या मागून, सगळे हसतायत तर आपणही हसायला हवं हे लक्षात आल्यासारखे. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी उभी राहिले आणि म्हटलं, "ते छप्पर पहिल्यापासून तिथेच आहे हे तुला कोणी सांगितलं? मैदानाचं तोंड फिरवलं नसेल कशावरून?"

"मावशी, चिल," तो म्हणाला. "इट्स जस्ट अ फन फॅक्ट."

"मेलेल्या माणसाला खोटं पाडण्यात फन कसलं?"

 माझी मुलगी खुर्चीत खाली घसरली, ती मला अशा वेळी ओळख देत नाही. काकांनी हात वर केला आणि म्हणाले, "अगं, बरोबर असेल त्यांचं. पोरांनी मेहनत घेतलीय." त्यांनी तिघांच्या पाठीवरून हात फिरवला. मग केक कापला, सगळ्यांना वाटला आणि स्वतःची डिश टेबलावर तशीच ठेवून दिली.

काकांना घरी सोडायला आम्हीच निघालो. नवरा गाडी चालवत होता, काका पुढे, मी मागे उरलेल्या जिलेबीचा डबा मांडीवर घेऊन. मी पुन्हा सुरू केलं की त्या पोरट्यांना काही लाज आहे की नाही. काका समोर बघत म्हणाले, "त्यांचं चुकलं नाही, पोरी. मला पण वाटायचं."

"काय वाटायचं?"

"की तिने मोजलंच नाही. अर्ध्या वाटेत गणती चुकली असेल, आणि चारचौघांत माझी मान वर राहावी म्हणून दीडशे म्हणाली असेल. तूच बघ ना. बरोबर दीडशे. पाच कमी नाहीत, पाच जास्त नाहीत."

"मग विचारलं नाहीत त्यांना?"

"काय विचारणार? त्या आकड्यावर माझं नाव चाललं होतं कंपनीत."  सिग्नलला गाडी थांबली तेव्हा म्हणाले, "आज त्यांनी टेपच लावली म्हटल्यावर प्रश्नच मिटला. पण एक सुचतं आणि मग झोप लागत नाही. मला बरं वाटावं म्हणून तिने तेव्हा थाप मारली असेल, तर आणखी किती मारल्या असतील? हॉस्पिटलमध्ये म्हणायची, दुखत नाहीये, तुम्ही घरी जाऊन झोपा. मी जायचो आणि झोपायचो."

 काकांना त्यांच्या दारात सोडलं, आतला दिवा लागेपर्यंत थांबलो आणि घरी आलो.

घरी येऊन मी नवऱ्यावर घसरले, कारण तोंडून निसटलंच त्याच्या, की त्या मुलांना पार्कात घेऊन गेला होता तो. टेपचं दुसरं टोक धरायला माझाच नवरा. वर सांगतो काय, तर टेपवर विश्वास नको म्हणून त्याने ढांगा टाकूनही पाहिल्या, शंभर भरल्या, तीनशे फूट. "आकडा तर बरोबर आहे ना यार," तो म्हणाला. "फॅक्ट इज फॅक्ट. तू कशाला पर्सनली घेतेस?"

पर्सनली घेऊ नको तर काय करू? माणूस साडेचारशे म्हणाला आणि तीनशे निघाले, यात कुणाचं काय बिघडलं असतं? होमरन तो होमरन. खांबावर आदळला म्हणजे आदळला, तीनशे फुटांवरचा खांब असला तरी पहिल्यांदा बॅट धरलेल्या माणसाने तो मारला. पण या लोकांना प्रत्येक गोष्टीला पट्टी लावल्याशिवाय चैन पडत नाही. कुणाच्या मुलाचा स्कोअर किती, कुणाचं घर किती स्क्वेअर फूट, आणि आता मेलेल्या बाईची ढांग किती. मी नवऱ्याला तसं सुनावलं आणि त्याच पावली ग्रुपमधून बाहेर पडले. ज्याला जेवायचं असेल त्याने फ्रीज उघडून बघावा, असं घरात जाहीर केलं. मुलगी म्हणाली, "आई, यू आर लिटरली फायटिंग अबाउट अ बॉल." मी तिलाही फ्रीज दाखवला.

मनात एक मात्र घट्ट धरून होते. छप्पर हलवलं असणार. एवढ्या वर्षांत या देशात लोक अख्खी घरं उचलून दुसरीकडे ठेवतात, तिथे एका छपराची काय कथा. नाहीतर बॅटिंगची जागा तरी फिरवली असणार. त्या मुलांनी आजचा नकाशा मोजला, तेव्हाचं मैदान त्यांना काय ठाऊक. हे एकदा सिद्ध केलं की काकांना झोप लागेल.

पुढच्या रविवारी शेजारच्या ऑरोराला एका मैत्रिणीच्या सुनेचं डोहाळजेवण होतं. मी साडी नेसले होते, सुती, कडक इस्त्रीची. नवरा गाडी चालवत होता आणि आमच्यात अजून फक्त "डावीकडे" आणि "उजवीकडे" एवढंच बोलणं होतं. नदीजवळ आलो तशी मी म्हटलं, "डावीकडे."

"डोहाळजेवण उजवीकडे आहे."

"मला माहीत आहे कुठे आहे."

त्याने निमूटपणे गाडी पार्कात घातली. मी उतरून आधी छपराकडे गेले. खांब मोठाल्या दगडांचे, बुंध्याशी शेवाळ चढलेलं, पाया जमिनीत रुतलेला. हे काही कुणी उचलून आणलेलं नव्हतं. मग मैदानाकडे गेले. बॅटिंगच्या जागेमागची उंच जाळी गंजून तपकिरी झालेली, तिच्या एका खांबाला वाढत्या झाडाने पार गिळून टाकलेलं. एवढं जाड झाड व्हायला माझं सगळं आयुष्य लागलं असतं. म्हणजे जाळीही तिथेच होती. सगळं जिथल्या तिथे. आठवडाभर ज्याच्या जिवावर भांडले ते पाच मिनिटांत संपलं. नवरा गाडीला टेकून उभा होता. तो एक शब्द बोलला नाही, आणि बोलला असता तर काय झालं असतं हे त्यालाही माहीत होतं.

आता परत जायचं आणि उखाणे ऐकत बसायचं हे काही मला जमेना. मी पुन्हा छपरापाशी गेले. म्हटलं, निदान काकू कुठून चालल्या ते तरी बघू. खांबाला पाठ लावली आणि निघाले, तोंडाने मोजत. पहिलीच ढांग चांगली लांब टाकायला गेले तर निऱ्या ताणल्या आणि पाऊल मध्येच अडलं. दुसऱ्या ढांगेला निरी कमरेतून सुटायला आली. मी ती खोचली, एका हाताने काठ थोडा उचलून धरला आणि साडी देईल तेवढंच पाऊल टाकत चालायला लागले. ऊन मी म्हणत होतं. गवत वर आलेलं, काठाला लागत होतं. मैदानाच्या मध्यावर पोचले तेव्हा तोंडातला आकडा ऐकून मीच चपापले. नवऱ्याने सगळं मैदान शंभर ढांगांत संपवलं होतं आणि मी निम्म्या वाटेवरच पाऊणशेच्या आसपास आले होते. मग मात्र मी गडबड केली नाही. जशी चालत होते तशीच चालले, एक पाऊल कमी नाही की मुद्दाम लहान नाही. जाळीपाशी आले तेव्हा दीडशेला दोन कमी होते.

मी तिथेच उभी राहिले. नवरा चालत आला आणि म्हणाला, "किती?" मी सांगितलं. त्याने माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या निऱ्यांकडे पाहिलं, मग लांब त्या खांबाकडे. "अरे यार," तो हळूच म्हणाला.

काकू चालल्या होत्या. खांबापासून इथपर्यंत, उन्हात, नवऱ्याच्या मापाच्या मोठ्या बुटांत, सगळी पिकनिक बघत असताना, एकही ढांग न खाता. दीडशे म्हणजे दीडशेच होत्या. बावीस ढांगांचं पिच हाफ पँटवाल्या मुलांनी ठरवलेलं, त्यांच्या ढांगेचा यार्ड होतो. पाचवारी साडीतल्या ठेंगण्या बाईच्या ढांगेचा कुठून होणार? मला आधी आनंद झाला आणि पाठोपाठ असा काही राग आला की विचारू नका. उपग्रह झाला, टेप झाली, हवेचा विरोध काढून झाला, चेंडूचा वेग काढून झाला. मोजणारी बाई साडीत होती हे त्या गोष्टीत दर वेळी यायचं, आणि साडीत चालायला कसं लागतं हा विचार तिघा इंजिनिअरांत आणि माझ्या नवऱ्यात मिळून एकालाही शिवला नाही. त्यांच्या घरी साडी नेसणारं कुणी नव्हतं काय?

"काकांकडे चल," मी म्हटलं. डोहाळजेवणाचं नवऱ्याने विचारलंही नाही.

काका स्वयंपाकघरात होते, ओट्यापाशी उभे राहून मटार सोलत. मी चप्पल काढायच्या आधीच सांगायला सुरुवात केली. त्यांना पहिल्यांदा कळेचना. मग मी तिथेच, फ्रीजपासून खिडकीपर्यंत, त्यांना चालून दाखवलं. निरी कुठे अडते ते दाखवलं. पाऊल किती पडतं ते दाखवलं. त्यांनी हातातली शेंग खाली ठेवली.

"तू साडीत चाललीस? अख्खं?"

"अख्खं."

"आणि दीडशे भरल्या?"

"दोन कमी. मी काकूंपेक्षा बोटभर उंच आहे."

काका खुर्चीवर बसले. चष्मा काढला, पुसला, घातला, परत काढला. "म्हणजे चालली होती ती," ते म्हणाले. "शेवटपर्यंत मोजलं होतं तिने." मग त्यांचा चेहरा असा काही उजळला की काकू गेल्यापासून मी तो तसा पाहिला नव्हता. ते उठले, चहाचं आधण ठेवलं, आमच्या नको-नकोकडे लक्ष न देता बिस्किटांचा डबा काढला. बोलतच होते. "तीनशे तर तीनशे. तीनशे काय कमी आहेत का? आता मी सगळ्यांना हेच सांगणार. ती खोटं बोलली नाही. मला उगीच वाटायचं."

उगीच वाटायचं. त्या दोन शब्दांनी माझं डोकं पुन्हा फिरलं. मीसुद्धा आनंदाने बिस्किट उचलायला हवं होतं, नवरा तेच करत होता. पण काकू माझ्या डोळ्यांपुढून हलेनात, मान खाली घालून हसणाऱ्या आणि चहा ठेवायला आत जाणाऱ्या. फटका माझा, आकडा हिचा, असं हे चारचौघांत म्हणायचे तेव्हा मनात काय असायचं ते आता कळलं होतं.

"काका," मी म्हटलं, "त्या पोरांनी एक संध्याकाळ त्यांना खोटं ठरवलं तर मी आकाशपाताळ एक केलं. तुम्ही तर सगळा संसारभर ठरवलंत."

नवऱ्याने घसा खाकरला. मी थांबले नाही.

"काकू काय म्हणाल्या होत्या? दीडशे. एवढंच ना? साडेचारशे त्या म्हणाल्या का?"

काकांनी नाही म्हणून मान हलवली.

"तिनाने गुणलं कोणी?"

"मी," काका म्हणाले.

"साडीतल्या ढांगेचा यार्ड कोणी केला?"

"मीच."

"त्या नुसत्या चालल्या आणि जे होतं ते सांगितलं. चूक तुमची, नाव तुमचं झालं, केकवर आकडा तुमचा आला. आणि संशय कुणावर? त्यांच्यावर. एकदा विचारायचं तरी होतं, काका. त्यांनी याच ओट्यापाशी उभ्या राहून चालून दाखवलं असतं."

 एवढं बोलले त्याचा मला पश्चात्ताप नाही, काकूंच्या वतीने कुणीतरी बोलायलाच हवं होतं. नवरा बिस्किट हातात धरून जमिनीकडे बघत होता. आधण उकळून झाकणाबाहेर येत होतं. काकांनी जाऊन गॅस बंद केला आणि आमच्याकडे पाठ करून ओट्याला दोन्ही हात टेकून उभे राहिले.

"सांगतो," ते म्हणाले. "त्या लॅपटॉपवाल्या पोराला सांगतो. मंडळात उभा राहून सांगतो, गुणाकार माझा होता म्हणून. ऑफिसातले जे कोणी उरलेत त्यांनाही फोन करतो."

"सांगा," मी म्हटलं.

"जगाला सांगेन गं," काका म्हणाले. "पण जिला सांगायला हवं होतं, तिला कुठे शोधू?"